आरशातला ट्रक

मध्यंतरी दोघीतिघींनी विचारलं, "बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाहीत, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. बिघडला होता तो माझा ट्रक. हसू नका, खरंच सांगते.

नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहे, पण नव्यांसाठी थोडं मागचं. माझा नातू २०२४ च्या ऑक्टोबरात जर्मनीत कासेल नावाच्या गावी शिकायला गेला. जाण्याआधी त्याने आपला जुना कॉम्प्युटर पुण्याहून आमच्याकडे मिरजेला आणून ठेवला आणि त्यात एक खेळ घालून दिला, 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्रागमधल्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने २०१२ साली काढलेला. यात मारामारी नाही, गोळीबार नाही. माल भरायचा, युरोपातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायचा, सिग्नल तोडला तर दंड भरायचा. नियम पाळणाऱ्याचं भलं होतं असा खेळ. मास्तरीणबाईंना आणखी काय हवं! २०२१ पासून त्यात 'कॉन्व्हॉय'ची सोय झाली. म्हणजे ओळखीची माणसं आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर आपापले ट्रक चालवू शकतात.

तर दर रविवारी संध्याकाळी सहाला (तिकडे उन्हाळ्यात अडीच आणि थंडीत दीड वाजलेला असतो) मी मिरजेहून आणि तो कासेलहून असे आम्ही ट्रक घेऊन निघतो. मी पुढे, तो मागे. मी पुढे का, तर मी हळू चालवते आणि त्याला माझ्यावर लक्ष ठेवता येतं. सायकलपलीकडे आयुष्यात काही न चालवलेल्या बाईला एकदम स्कॅनिया, आणि तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने! पहिल्या महिन्यात मी किती कठडे तोडले ते विचारू नका. आमचे हे खोलीच्या दारातून डोकावून म्हणायचे, "आज कुठला माल? कांदा की ऊस?"

आता यात आहे काय एवढं, असं वाटेल. सांगते. नातवाला फोन केला की आमचं बोलणं चार मिनिटांत संपतं. जेवलास का? हो. थंडी आहे का? आहे. अभ्यास? चाललाय. पुढे दोघंही गप्प. पण ट्रक चालवताना दोघांची नजर रस्त्यावर असते, हात गुंतलेले असतात, आणि तो आपोआप बोलायला लागतो. पहिल्या सत्रात एका विषयात नापास झाल्याचं त्याने आईला सांगायच्या आधी मला सांगितलं, ते माग्देबुर्गच्या अलीकडे कुठेतरी. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "पुढे पेट्रोल पंप आहे, थांबू या का?" पंपावर दोन ट्रक शेजारी उभे करून आम्ही पंधरा मिनिटं बोललो. असं बोलणं फोनवर झालं नसतं.

आणि २०२५ च्या एप्रिलात माझा ट्रक अडखळायला लागला.

सुरुवातीला वाटलं, नेट मंद आहे. नातवाने पहिली शिकवण ही दिली की नेट मंद असेल तर *दुसऱ्याचा* ट्रक उड्या मारताना दिसतो, आपला नीट चालतो. इथे माझंच स्टिअरिंग तुटक फिरत होतं. मी बटण दाबलं की क्षणभर काहीच नाही, आणि मग ट्रक एकदम भलतीकडे. म्हणजे दोष घरातलाच.

कॉम्प्युटरच्या आत चित्रं काढायचं काम करणारं एक वेगळं कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. आमचं आहे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय. हे मॉडेल २०१६ च्या ऑक्टोबरात बाजारात आलं, नातवाने २०१७ च्या दिवाळीत घेतलं. निम्मे पैसे त्याने साठवलेले, निम्मे माझ्या पेन्शनचे, त्यामुळे त्या कार्डावर माझाही हक्क आहे. चार जीबीची स्मृती. वीज जास्तीत जास्त पंचाहत्तर वॉट, म्हणजे आपल्या छताच्या जुन्या पंख्याइतकी. मला हे फार आवडलं. एका पंख्याच्या विजेत अख्खी जर्मनी रंगवायची!

हे कार्ड एका सेकंदात किती चित्रं काढतं त्यावर सगळा खेळ. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात आणि आपलं भागतं, कारण आपण नुसते बघत असतो. इथे आपण स्टिअरिंग वळवतो आणि त्याचा परिणाम पुढच्या चित्रात दिसायला हवा. सेकंदाला साठ चित्रं असली तर एकेक चित्र साधारण सतरा मिलिसेकंदांनी येतं आणि हात आणि डोळा यांची जोडी जमते. माझ्याकडे आकडा पंधरा-सोळावर आला होता. एकेक चित्र साठ-पासष्ट मिलिसेकंदांनी. वळण येऊन गेल्यावर वळण दिसायचं.

पुढच्या रविवारी मी तीनदा कठड्यावर आदळले. नातू रस्त्याकडेला दिवे लुकलुकवत थांबून राहिला. शेवटी म्हणाला, "आजी, राहू दे. आपण फोनवरच बोलू." फार मायेने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मग दोन रविवार फोन. जेवलास का? हो.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे कॅबिनेट रिक्षात घालून नेलं. त्याने कार्ड काढलं, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवलं, परत बसवलं, पाच मिनिटं चालवून बघितलं आणि म्हणाला, "काकू, कार्ड म्हातारं झालं. आता याच्यात जीव नाही. नवं टाका, सतरा-अठरा हजारांत बसवून देतो." खोडरबराची युक्ती मला पटली होती. पण 'म्हातारं झालं म्हणून मंद' हे निदान पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या बाईसमोर करायचं, तर जरा पुराव्यानिशी करावं की नाही?

नातवाने फोनवरून सेटिंग कमी करायला सांगितलं. सावल्या कमी केल्या, गवत कमी केलं, 'स्केलिंग' शंभर टक्क्यांवर आणलं. थोडा फरक पडला. मग म्हणाला, "आजी, आरसे कमी कर, आरसे फार खातात." ते असं असतं, की समोरचा रस्ता एकदा रंगवून भागत नाही. ट्रकच्या प्रत्येक आरशात मागचं जग दिसतं, तर ते जग कार्डाला पुन्हा वेगळं रंगवावं लागतं. म्हणून आरशाचा दर्जा आणि आरशात किती लांबचं दिसावं ते अंतर, दोन्ही खाली आणायचं. आणलं. चार-पाच चित्रं वाढली. पण आरशात मागे नुसता करडा धुरळा, आणि जवळ आल्याखेरीज काही दिसेना. मी खाली केलेलं पुन्हा वर केलं. नातवाला सांगितलं नाही, पण त्या डाव्या आरशात त्याचा निळा ट्रक दिसतो म्हणून तर मी पुढे चालवते. तोच दिसायचा नसेल तर हा खेळ मला कशाला?

आता खरी गोष्ट. कॉम्प्युटरपुढे बसून नुसती चिडण्यापेक्षा एके दिवशी वही घेतली. एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, निरीक्षणवही लिहायची सवय जात नाही. किती वाजता सुरू केलं, किती मिनिटांनी अडखळला. तीन दिवसांत दिसलं ते असं: सकाळी साडेसहाला जवळजवळ पंचवीस मिनिटं ट्रक सुरळीत चालतो. दुपारी चारला आठ मिनिटांत मरतो. संध्याकाळी सहाला दहा-बारा मिनिटांत. सुरुवातीला मात्र प्रत्येक वेळी ठणठणीत. दुरुस्तीवाल्याने पाचच मिनिटं बघितलं होतं, आणि तेही ऐकीव लक्षणांवर निकाल देऊन.

ते आकडे बघताना मला एक मुलगी आठवली. नाव लिहीत नाही, आता तीही आजी झाली असेल. आमच्या शाळेचे दोन वर्ग तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे. ही शेवटच्या बाकावर, जिथे पत्रा सगळ्यात खाली आलेला. दुपारच्या तासाला ती प्रश्न विचारला तरी नुसती बघत राहायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'आकलन मंद'. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली आणि हीच मुलगी पानिपताच्या लढाईवर अशी बोलली की वर्ग बघत राहिला. मला तेव्हा कळलं, पण शेरा शाईने लिहिलेला होता आणि पुस्तक तिच्या घरी गेलं होतं. वडिलांनी त्याच वर्षी तिची शाळा सोडवली. माझ्या शेऱ्यामुळेच असं नाही म्हणत. पण शेरा होता.

असो.

तर माझ्या कार्डाला ऊन लागत होतं. नातवाने कॉम्प्युटरमध्ये 'जीपीयू-झेड' नावाची एक छोटी फुकट आज्ञावली ठेवलेली होती. ती उघडून ठेवली आणि ट्रक काढला. पहिल्या मिनिटाला तापमान ५५. मग ६८, ७७, ८३, ८६. आणि तिथे वेगाचा आकडा, जो तेराशेच्या वर असायचा, तो धाडकन सातशेच्या आसपास. त्याच खिडकीत एक ओळ असते, वेग कशाने अडला याचं कारण सांगणारी. तिथे स्पष्ट लिहून येत होतं: उष्णता. कार्ड आळशीपणा करत नव्हतं, स्वतःला जळण्यापासून वाचवत होतं. त्याच्या कारखान्यातच त्याला शिकवलेलं असतं की फार तापलास तर हळू चाल.

नातवाला मी वहीतले आकडे वाचून दाखवले. पलीकडे जरा शांतता, आणि मग, "आजी, तू एकदम प्रो निघालीस." हा शब्द मी ह्यांना दोनदा ऐकवला.

शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर शस्त्रक्रिया झाली. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. कार्ड धरून ठेवणारा स्क्रू शिवणयंत्राच्या डब्यातल्या स्क्रूड्रायव्हरने काढला. खाचेच्या टोकाला एक चिमुकली खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. ओढाल तर मोडाल. कार्ड हातात आलं आणि मला लाजच वाटली. त्याला दोन पंखे. एक पंखा फिरतच नव्हता. त्याच्या आसाभोवती पांढरा पिळा बसलेला, आणि जाळीत तसाच पांढरा थर. कापूस! खेळ सुरू व्हायला वेळ लागतो तेवढ्यात मी शेजारी बसून वाती वळते. देवापुढच्या समईसाठी वर्षभर वळलेल्या वातींचे तंतू त्या पंख्याने मुकाट्याने आत ओढून घेतले होते.

"आजी, माझं कार्ड तू समईत लावलंस!" नातू हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता.

चिमट्याने पिळा काढला. ब्लोअर मारताना पंखे उदबत्तीच्या काडीने अडवून धरले, कारण हवेने ते भलत्या वेगाने फिरले तर खराब होतात. मग मागचे चार स्क्रू, पंख्याची बारीक वायर अलगद सोडवायची, आणि धातूचा ठोकळा वर उचलायचा. खाली चिपेवर थर्मल पेस्ट नावाचा लेप असतो. उष्णता चिपेतून ठोकळ्यात जावी म्हणून मधल्या सूक्ष्म फटी भरणारा. आठ वर्षांत तो वाळून भिंतीच्या जुन्या चुन्यासारखा झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, मटाराच्या दाण्याएवढा नवा लावला. पंख्याच्या आसात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा असं माझ्या फार मनात होतं, पण नातवाने शपथ घातली. सगळं जोडलं, कॅबिनेट भिंतीला लावलं, वायरी खोचल्या. मी म्हटलं, "तू आता झोप काढ, मी बघते."

आणि सुरू केलं तर सेकंदाला नऊ चित्रं.

सकाळ नाही, दुपार नाही, पहिल्या मिनिटापासून नऊ. आधी निदान आठ-दहा मिनिटं तरी चालत होतं. बंद करून चालू केलं, नऊ. एकदा आठ. मला घाम फुटला. कुठेतरी माझ्या हाताने ते मारलं असणार. एखादा स्क्रू जास्त पिळला असेल, लेप कुठे सांडला असेल. दुरुस्तीवाला म्हणाला तेच खरं, त्याच्यात जीव नव्हताच, आणि होता तो मी काढून घेतला. नातवाच्या दिवाळीच्या पैशांचं कार्ड.

त्या रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी चक्क खोटं बोलले. म्हटलं, "लाइट नाहीत रे सोन्या." खोलीत दिवा लख्ख जळत होता. पुढचे चार दिवस कॉम्प्युटरवर जुन्या साडीचं कापड टाकून ठेवलं. ह्यांनी एकदाही कांद्याचं की उसाचं विचारलं नाही, त्यावरून माझा चेहरा कसा असेल ते समजा.

पाचव्या दिवशी पुन्हा वही काढली. चिडण्यात वेळ घालवण्यापेक्षा तापमान बघू, म्हणून कापड काढलं, ट्रक सुरू केला आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. तिथे डाव्या बाजूला दोन नावं होती. जीपीयू शून्य, इंटेल. जीपीयू एक, एनव्हिडिया. शून्य नंबरचा शंभर टक्के कामात, धापा टाकतोय. एक नंबरचा शून्य टक्के. तापमान ४१.

मी बराच वेळ त्या एक्केचाळीसकडे बघत बसले. मे महिन्यात मिरजेत माणसाचं डोकं याहून जास्त तापतं. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं, ते गार बसून होतं. त्याला कुणी काम सांगितलंच नव्हतं.

झालं होतं असं. प्रोसेसर आहे इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आणि त्याच्या पोटात चित्रं काढायची स्वतःची जुजबी सोय असते. कामचलाऊ, पत्र लिहायला पुरेशी. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची भोकं दोन. वरचं मदरबोर्डचं, खालचं कार्डाचं. दिसायला अगदी सारखी. एरवी वरच्यात वायर खोचली तर बऱ्याच कॉम्प्युटरांवर पडदा काळाच राहतो आणि चूक कळते. पण नातू पूर्वी दोन मॉनिटर लावायचा, त्यासाठी त्याने दोन्ही सोयी चालू ठेवल्या होत्या. त्यामुळे मी वाकून, अंधारात, हाताने चाचपत वरच्या भोकात वायर खोचली आणि कॉम्प्युटर काही न बोलता चालू झाला. सगळी जर्मनी त्या बिचाऱ्या कारकुनाच्या गळ्यात, आणि चित्रकार बाजूला बसलेला.

या वेळी टॉर्च घेतला. वरची वायर काढून खालच्या भोकात खोचली. तीस सेकंदांचं काम.

अठ्ठावन्न. साठ. एकोणसाठ. साठ. तासभर चालवला, दुपारी चार वाजता, मुद्दाम. तापमान ७१ च्या वर गेलं नाही.

रविवारी सहाला मी नातवाला आधी सगळं कबूल केलं, लाइट गेल्याचं खोटंसुद्धा. तो म्हणाला, "मला माहीत होतं आजी. मागे पंख्याचा आवाज येत होता." मग म्हणाला, "ती वायर सगळेच चुकतात. मीपण चुकलोय." खरं असेल किंवा माझ्यासाठी म्हणाला असेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधारही त्याच महिन्यात १४ तारखेला संपला, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणजे दुरुस्तीवाला अगदीच चुकला होता असं नाही, कधीतरी नवं घ्यावं लागणारच. नातू म्हणतो, "आलो की बघू." मी म्हटलं, तू ये, मग बघू. वाती आता स्वयंपाकघरात बसून वळते.

त्या रविवारी आम्ही हानोव्हरचा माल भरला. निघण्याआधी मी सेटिंगमध्ये जाऊन आरसे पुन्हा पूर्ण वर नेले, दर्जाही आणि अंतरही. फक्त दोन चित्रांचा फरक पडला, त्याला काही कळलं नाही. रस्त्याला लागल्यावर डाव्या आरशात निळा ट्रक दिसला, लांब होता पण स्वच्छ दिसत होता. मी काही न बोलता चालवत राहिले. थोड्या वेळाने त्याने एकदा दिवे लुकलुकवले आणि म्हणाला, "आजी, तुला एक सांगायचं होतं."

मी वेग कमी केला.